नमुना

पिवळी मारबत जळाली त्या रात्री बाबांना ताप चढला.
पोरं ओरडत गेली होती,
रोगराई घेऊन जाय गे मारबत,
गोळीबार चौकापासून आमच्या गल्लीपर्यंत तोच गजर.
एक रोग मागे राहिला,
आमच्या बंद कूलरच्या टाकीत, चार बोटं पाण्यात.

तिसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून आहेत.
भात नको. उजेड नको.
हर्षलनं टीव्ही लावला की डोळ्यांवर हात.
आई म्हणते, "पाह्य, अजून कसा राग धरून हाये."

राग आहेच.
होळीच्या आधी मी माग विकला.
खड्डा बुजवून वर फरशी घातली, पांढरी.
सागाची चौकट किलोच्या भावानं गेली,
फणी, धोटे, कांड्यांचं टोपलं
भंगारवाल्यानं वरकड म्हणून नेलं.
तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलतात ते नातवामार्फत:
"तुह्या मायले सांग, पंखा कमी कर."

मेडिकल चौकातल्या लॅबमध्ये
शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत दोन खळगे रिकामे होते.
नळीवर लिहिलं: सदाराम हेडाऊ, ७१, पु.
आधी निळं. मग आम्लाचा थेंब, मग पिवळं.
मारबतीसारखं पिवळं.
इंटरल्यूकिन-सहा, दोनशे चौदा पिकोग्रॅम.
एका ग्रॅमचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक;
इतवारीतल्या सराफाकडेही असा काटा नसेल.

एवढ्याशानं माणूस भिंतीकडे वळतो.
रक्तातला निरोप मेंदूच्या उंबऱ्याशी येतो,
बहुतेकदा आतही जात नाही, दारातूनच सांगतो:
पड. खाऊ नको. कुणाशी बोलू नको.
घरात आहे ते सगळं आता लढाईला लागणार आहे.
आणि मेंदू ऐकतो.
नळावर भांडणारा, एक पैसा न सोडणारा
माझ्या बापाचा मेंदू
मुकाट्यानं ऐकतो.

आईला सांगितलं.
"म्हंजे राग नाही?"
"आहे. पण हे गप्प राहणं रागाचं नाही."
"मंग रागाचं कोनतं?"
त्याचं किट येत नाही, आई.

रात्रपाळीत त्यांच्या पांढऱ्या पेशी मोजल्या. कमी आहेत.
हाडांच्या पोकळीत नव्या घडत असतील,
कोवळ्या, अजून कुणीच नसलेल्या.
त्यांनाही कुणीतरी सांगावं लागतं,
तू गिळ, तू ओळख, तू लक्षात ठेव.
शेजारणीनं सोडलेला एवढासा रेणू.
तो पोचला नाही तर कोवळी पेशी
काही न होताच मरून जाते.
काच सरकवताना मला खड्डा आठवला.
नऊ वर्षांची होते. पाय आत सोडून
त्यांचा धोटा हातात घेतला होता,
फेकणार होते ताण्यातून.
त्यांनी तो काढून घेतला, हळूच.
"हे नाही. तू शीक."
ऐकलं मी.
म्हणून तर माग विकता आला मला.

आज आठवा दिवस. ताप उतरला.
तळवे खाजतात, उशी घामानं ओली.
सकाळचा नमुना: एकोणीस.
बाबा उठून बसले, पलंगावरून पाय खाली सोडले.
नेमके तिथं, जिथं खड्डा होता.
अंगठ्यानं फरशीचा सांधा चाचपला,
एकदा, पुन्हा एकदा,
जणू खाली पावडी असावी.

मी वरण-भाताचं ताट घेऊन उभी.
हर्षल शाळेत. आई दळण आणायला गेलेली.
मधे निरोप न्यायला कुणी नाही.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे.
मग भातात बोट फिरवत म्हणाले,
"मीठ."

कुणाला म्हणाले, कळलं नाही.
मी मीठ आणायला गेले.